पोतं आणि बारा बुधवार

जावयाने लेकीचा जबडा मोडला, तेव्हा त्याच्या वरच्या खिशात प्रमाणपत्र होतं. 'रागमुक्ती अभ्यासक्रमाच्या बारा बैठका समाधानकारकरीत्या पूर्ण' असं त्यावर छापलेलं, खाली सरांची सही आणि कोपऱ्यात साखळीने टांगलेल्या पोत्याचं चित्र. ते दाखवायलाच तो संध्याकाळी लवकर घरी आला होता. लेक भांडी घासत होती. ती म्हणाली, हात ओले आहेत, टेबलावर ठेवा, बघते. एवढं निमित्त त्याला पुरलं. पहिला फटका उघड्या हाताचा होता, दुसरा मुठीचा. तिसऱ्याला तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं आणि दोन दाढा फरशीवर पडल्या. चार वर्षांची नात टेबलाखाली बसून ते बघत होती. शेजारच्यांनी दार तोडलं तेव्हा जावई खुर्चीवर बसून स्वतःच्या बोटांना बर्फ लावत होता.

लेकीच्या बापाला ही बातमी मिळाली ती कामावर, त्याच पोत्याशेजारी. तो मानसशास्त्र विभागातल्या प्रयोगशाळेचा मदतनीस. शिपायापासून, हा अभ्यासक्रम ज्यांनी काढला त्या सरांपर्यंत, सगळे त्याला मामा म्हणत. चित्रातलं ते पोतं तेवीस वर्षं त्याच्या ताब्यात होतं. ते झाडायचं, उसवलं की शिवायचं, साखळीला तेल द्यायचं, हे सगळं त्याच्याकडे. आणि लेकीला 'जा, नांद, पोतं माणसाचा राग पिऊन टाकतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय' असं सांगून त्या घरात परत धाडणाराही तोच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. या घरातला दांडा कोण होता हे वेगळं सांगायला नको.

मामाचा पोत्यावर इतका विश्वास का, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं. त्याचा बाप कातडी पिशव्या आणि कमरेचे पट्टे शिवायचा, आणि प्रत्येक नवा पट्टा गिऱ्हाइकाला देण्याआधी पोराच्या पाठीवर तपासून घ्यायचा. बापाच्या अंगठ्याजवळची शीर उडायला लागली की पोराला कळायचं, आता पळा. सोळाव्या वर्षी पोराने पट्टा वरच्या वर पकडला आणि बापालाच तीन वेळा हाणला. तिसऱ्या फटक्याला बापाच्या कानातून रक्त आलं. पोराला त्यात जी गोडी वाटली, तिची त्याला जन्मभर धास्ती राहिली. त्याच दिवशी त्याने घर सोडलं. येताना बापाची एकच वस्तू आणली, चामड्याला भोक पाडायची आरी.

पुढे त्याने बायकोवर कधी हात उचलला नाही, मुलीवर नाही. पण आपल्या आत बाप बसलेला आहे आणि एक दिवस तो उठेल, हे भय काही जात नव्हतं. असा माणूस नोकरीला नेमका कुठे लागावा, तर जिथे रागावर औषध शोधत होते तिथे. त्याला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

प्रयोग असा होता. एका माणसाला खोलीत बसवून त्याच्या आयुष्यातल्या एखाद्या प्रसंगावर पानभर लिहायला सांगायचं. मग शेजारच्या खोलीतला पढवलेला माणूस येऊन ते पान वाचणार, त्याच्या तोंडासमोर फाडणार आणि म्हणणार, असलं आयुष्य जगलातच कशाला? बहुतेकांच्या मुठी तिथेच वळायच्या. मग निम्म्यांना पोत्याच्या खोलीत नेऊन दहा मिनिटं पोतं बडवायला लावायचं, निम्म्यांना नुसतं खुर्चीवर बसवायचं. शेवटी सगळ्यांना एका लाल बटणासमोर बसवायचं. बटण दाबलं की पान फाडणाऱ्याच्या कानात भोंगा वाजायचा. एकपासून दहापर्यंत आवाज किती ठेवायचा, हे दाबणाऱ्याच्या हातात. तो आकडा म्हणजे त्याचा राग.

खुर्चीवाले आठ-नऊवर दाबायचे. पोतेवाले दोन-तीनवर. सरांचं नाव झालं, पुस्तक झालं, आणि गावोगावी पोती टांगली गेली. कारखान्यांत, तुरुंगांत, बायकांना मारणाऱ्या नवऱ्यांच्या वर्गांत. न्यायालयंसुद्धा माणसं पोत्याकडे पाठवू लागली.

यात मामाचं काम हातमोज्यांचं. ते जुन्या पद्धतीचे होते, मनगटापासून वर नाडी ओवलेले. दहा मिनिटांच्या बडवाबडवीत नाडी घामाने भिजायची, गाठी दगडासारख्या घट्ट व्हायच्या. मामा त्या माणसाला स्टुलावर बसवायचा, त्याचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घ्यायचा आणि आरीच्या टोकाने एकेक गाठ सोडवायचा. दहा मिनिटं जायची, कधी पंधरा. तोवर आपला गप्पा मारायचा. अंगठी रुतते का, हा व्रण कसला, डावखुरे का तुम्ही. एकदा एक धिप्पाड ट्रकड्रायव्हर त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडला होता आणि मामाने गाठीवरची नजर न काढता त्याला सांगितलं होतं, रडा, पण हात हलवू नका, आरी लागेल.

हे सरांच्या एकाही लेखात नव्हतं. का असावं? खोली कोण झाडतं हे तरी कुठे लिहितात?

आणखी एक गोष्ट लेखात नव्हती. काही माणसं पोतं बडवता बडवता अशी पिसाळायची की मोजे हातातच ठेवून, दार लाथाडून निघून जायची. पान फाडणाऱ्याला शोधत जिन्यात गाठायची. अशांपुढे सर मामाला वहीत 'गैरहजर' लिहायला सांगायचे. बटण दाबलंच नाही, तर आकडा कसा धरणार? मामाला ते पटायचं, आणि तो लिहायचा.

जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. लग्नात त्याचे दंड बघून नातेवाईक कौतुक करत होते, तेव्हा मामाची नजर त्याच्या अंगठ्याजवळच्या शिरेवर गेली होती. पण जावई हसतमुख, कामाला वाघ, आणि शिरेवरून कोणी स्थळ नाकारत नाही. दोन वर्षांत लेक दंडावर काळीनिळी बोटं घेऊन आली. मग बरगडी. मग तिने तक्रार केली, आणि न्यायालयाने जावयाला दर बुधवारी पोत्याच्या वर्गाला जायला सांगितलं.

मामाला केवढा आनंद झाला. सासऱ्यानेच राखलेल्या औषधाने जावई बरा होणार, यापरतं काय हवं? तो मुद्दाम एका मंगळवारी तो वर्ग बघून आला. स्वच्छ खोली, नवी पोती, आणि मोज्यांना नाडीऐवजी चिकटपट्टी. चर्रर्र केलं की हात मोकळा. मामाने ती पट्टी दोनदा लावून, काढून बघितली आणि मनात म्हणाला, वा, आमचा किती वेळ वाचला असता.

घरी येऊन त्याने लेकीला परत पाठवलं. चौथ्या बुधवारनंतर तिचा फोन आला. तिथून आले की जास्तच मारतात, बाबा, असं ती म्हणाली. मामाने तिला समजावलं की औषध लागू पडताना दुखणं आधी बळावतंच, आणि सरांनी शेकडो माणसांवर मोजून पाहिलंय, तुझ्या एकटीच्या म्हणण्यावर ते खोटं कसं ठरेल? त्यानंतर तिने फोन केला नाही. तिने का केला नाही, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

मग तो बारावा बुधवार आला.

इस्पितळात लेकीचा जबडा तारेने बांधलेला होता. बायको उशाशी बसली होती. मामा आत आला तसं तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही, भिंतीकडे बघत म्हणाली, "तुमचं पोतं पोटभर राग प्यायलं का?" तेवीस वर्षांच्या नोकरीवर एवढं कडक बोलणं त्याने ऐकलं नव्हतं.

शनिवारी दुपारी विभाग रिकामा होता. जावई जामिनावर सुटल्याचं सकाळीच कळलं होतं. मामा पोत्याच्या खोलीत गेला, आतून कडी लावली आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः मोजे चढवले. आपल्यातला बाप उठलाय हे त्याला कळत होतं, आणि बापाला झोपवायचं औषध समोर लटकत होतं. डाव्या मोज्याची नाडी त्याने उजव्या हाताने बांधली. उजव्याची दाताने ओढली, खिडकीच्या खिट्टीला अडकवून करकचून आवळली. मग त्याने मारायला सुरुवात केली.

तो जावयाला मारत होता. जावयाचं नाक, जावयाचे दात, जावयाचा जबडा. पोतं मागे जाऊन परत अंगावर यायचं, तसा तो आणखी जोरात हाणायचा. वीस मिनिटं झाली. राग कमी व्हायला हवा होता. तो वाढत होता. पाव तासापूर्वी त्याला जावयाला चोपायचं होतं, आता ठार करायचं होतं. कसं करायचं तेही स्वच्छ दिसत होतं. आरी कानामागे, खालून वर. सोळाव्या वर्षीची ती गोडी जिभेवर आली. त्याने टेबलावरची आरी उचलायला हात घातला आणि ती मोज्यातून निसटून खाली पडली.

मोजे हातात असताना आरी धरता येत नव्हती. दाराची कडी काढता येत नव्हती. मोजे काढावेत तर गाठी भिजून दगड झालेल्या, आणि त्या सोडवणारा मामा स्वतःच मोजे घालून उभा. त्याने ओरडून पाहिलं, ऐकायला कोणी नव्हतं. शेवटी तो त्याच्या त्या स्टुलावर बसला आणि दातांनी गाठ कुरतडू लागला. एक गाठ सुटायला किती वेळ गेला कोण जाणे. ओठ फाटला. दुसरी गाठ. श्वास खाली आला. तिसऱ्या गाठीपाशी त्याला नातीची आठवण झाली, टेबलाखालची, आणि तो रडला. शेवटची गाठ सुटली तेव्हा आरी पायाशी पडलेली होती आणि ती उचलावी असं त्याला वाटत नव्हतं.

तो सुटलेल्या नाडीकडे बघत बसला. राग पोत्याने घालवला नव्हता. पोत्याने तर तो पेटवला होता. घालवला होता तो इथे, या स्टुलावर, या गाठींनी. तेवीस वर्षं इथेच जात होता, आणि श्रेय मात्र पोतं घेत होतं. खुर्चीवाल्यांना मोजेच नव्हते. ते तसेच तापलेले थेट बटणापाशी जायचे. आणि जावयाच्या वर्गात चिकटपट्टी होती. चर्रर्र केलं की हात मोकळा, आणि तो मोकळा हात बारा वेळा लेकीच्या घरी गेला होता.

सोमवारी त्याने सरांना हे सांगितलं. सर वाईट नव्हते. मुलीची बातमी कळल्यावर त्यांनी मामाला स्वतः गाडीने इस्पितळात सोडलं होतं. पण हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. नाडी सोडवल्याने माणसं शांत होतात, हे कुठल्या नियतकालिकात छापून आणायचं, असं त्यांनी विचारलं. एका जावयामुळे शास्त्र बुडत नसतं, तुम्ही दुःखात आहात, रजा घ्या, असंही म्हणाले. त्याच आठवड्यात जावयाने न्यायालयात अर्ज केला. अभ्यासक्रमाचा पुढचा टप्पा करतो, मोबदल्यात मुलीला आठवड्यातून दोन दिवस माझ्या घरी पाठवा. सोबत सरांचं शिफारसपत्र होतं. ते जबडा मोडण्याच्या दोन दिवस आधीच्या तारखेचं होतं आणि सरांनी ते मागे घेतलं नव्हतं. सुनावणी तीन महिन्यांनी होती. त्या दिवशी नात कुणाच्या हाती जाणार ते ठरणार होतं.

विभागात तेव्हा नुकत्याच एक नव्या बाई आल्या होत्या. बारीक, चष्मेवाल्या, आणि कुणाच्याच फारशा आवडत्या नव्हत्या, कारण दुसऱ्यांचे गाजलेले प्रयोग पुन्हा करून बघायचे, हेच त्यांचं काम. पोत्याचा प्रयोग त्यांनी दुसऱ्या शहरात करून पाहिला होता आणि तो उलटा आला होता. सर म्हणाले, यांना करता येत नाही. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या, असं कार्यालयात सगळे म्हणत होते. बाई भांडल्या नाहीत. मामाच्या स्टुलासमोर दुसरं स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सकाळी कुलूप उघडल्यापासून तुम्ही काय काय करता ते सगळं सांगा. फालतू वाटेल तेसुद्धा."

तेवीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. तो दोन तास बोलत होता. 'गैरहजर' माणसांचंही बोलला, खाली मान घालून. वहीत ती एकतीस होती.

बाईंनी प्रयोग नव्याने मांडला. एकशे साठ माणसं, चार गट. पोतं आणि चिकटपट्टी, पोतं आणि नाडी, नुसती खुर्ची, आणि चौथा गट खुर्चीवर बसणाऱ्यांचाच, पण मोजे घालून, नाडी बांधून आणि सावकाश सोडवून. निघून जाईल त्याचीही नोंद होणार, निघून गेला अशीच. काय मोजणार, कसं मोजणार, किती माणसांनंतर थांबणार, हे सगळं आधी लिहून त्यांनी पाकीट मोहोरबंद केलं आणि ग्रंथपालाकडे ठेवून दिलं. बटणाचे आकडे उतरवणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. आकड्यांचे कागद तसेच ग्रंथपालाच्या कपाटात जात. निम्म्या गाठी मामाने सोडवायच्या, निम्म्या दुसऱ्या एका मदतनिसाने, कारण गुण गाठीचा की मामाच्या हाताचा, हेही कळायला हवं. मामाला ते झोंबलं. 

ते तीन महिने त्या खोलीत माणसांनी काय काय केलं, ते सांगायला नको. चिकटपट्टीच्या गटातला एक हिशेबनीस, सभ्य, टाय लावलेला, बटणाचं टेबलच उचलून भिंतीवर फेकून गेला. दुसऱ्याने पान फाडणाऱ्याचा गळा धरला, रखवालदार दोघे असूनही सोडवायला वेळ लागला. त्या दिवसापासून बाईंनी प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला कळवून मध्ये जाड काच बसवली. एकाने मामालाच मारलं. नियम असा होता की त्या गटाशी मामाने बोलायचं नाही, हात लावायचा नाही. समोर उकळता माणूस उभा आहे, अंगठ्याजवळची शीर उडते आहे, आणि याने फक्त पट्टी ओढून बाजूला व्हायचं. मूठ बसली तेव्हा त्याचा पुढचा दात हलला. लेकीच्या वाट्याला घरी हेच येत होतं, हे त्याला रक्ताच्या चवीसकट कळलं.

सुनावणी आठ दिवसांवर आली तेव्हा एकशे बारा माणसं झाली होती. मामाला आकडे ठाऊक नव्हते, पण डोळे होते. तो बाईंकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, कपाट आत्ता उघडा, जेवढं झालंय तेवढं न्यायालयाला सांगा, माझी नात वाचेल.

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांचेही डोळे भरले होते. "मनासारखे आकडे धरायचे आणि बाकीचे सोडायचे, हेच सरांनी केलं होतं, मामा. मी तेच केलं तर जावयाचा वकील दोन मिनिटांत मला उडवेल, आणि ते बरोबर असेल. जगातल्या पुरुषांचं पोत्याने काय होतं, ते मला अजून माहीत नाही. पण न्यायालय जगातल्या पुरुषांचं विचारत नाहीये. या एका पुरुषाचं विचारतंय. ते कोणाला माहीत आहे?"

मामा घरी आला. लेकीच्या जबड्याची तार निघाली होती, पण ती अजून कमी बोलायची, वहीवर लिहायची. बापाने तिच्यासमोर बसून सांगितलं की चौथ्या बुधवारी तू फोन केलास, ते मी ऐकून घेतलं नाही. माझं चुकलं. पुढच्या बुधवारी काय झालं? ती उठली, बॅगेच्या तळातून एक भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

तीन पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. नवऱ्याने विचारलं तेव्हा तिने सांगितलं होतं, पाणी येत नाही त्या दिवसांच्या आहेत. एक टिंब म्हणजे ढकललं, दोन म्हणजे मारलं, गोल म्हणजे रक्त आलं. इतर वारांना एखादं टिंब होतं, बरेच दिवस कोरे होते. पहिल्या अकरा बुधवारांत एकही कोरा नव्हता. पहिला दोन टिंबांचा, चौथ्यापासून सगळे गोल. बाराव्या बुधवारी काहीच नव्हतं, कारण त्या रात्री ती पेन्सिल धरण्याच्या अवस्थेत नव्हती.

मामाने बारा वेळा बोट फिरवलं. सरांनी शेकडो माणसांवर मोजलं म्हणून त्याने हिला खोटं पाडलं होतं, आणि हिने त्याच्यापेक्षा चोख मोजलं होतं. हिच्या कॅलेंडरवर कोणी गैरहजर नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण कळलेलं ती सांगत होती आणि बाप सरांच्या तोंडाकडे बघत बसला होता.

"मला का नाही दाखवलंस?" तो म्हणाला.

ती सावकाश, जबडा जपत बोलली. "दाखवलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, एकीचंच आहे."



न्यायालयात जावयाच्या वकिलाने सरांचं पत्र वाचलं, पुस्तकाच्या प्रती दाखवल्या. मग मामा उभा राहिला. त्याने सांगितलं की मी पोत्याविरुद्ध काही सिद्ध करायला आलेलो नाही, ते मोजणं अजून चालू आहे. मी एवढंच सांगतो की त्या पुस्तकात माणसांचे मोजे कोणी आणि कसे काढले ते लिहिलेलं नाही, आणि एकतीस माणसं गैरहजर लिहिली आहेत. ती हजर होती. त्यांनी दारं फोडली. ते अक्षर माझं आहे. मग त्याने कॅलेंडर पुढे केलं. वर्गाची हजेरी आणि कॅलेंडर न्यायाधीशांनी शेजारी शेजारी ठेवलं, आणि दोन्हींवरून बोट फिरवत खाली गेले. जावई जागेवरून उठला तो बाकडं उलटवूनच. दोन शिपायांनी त्याला धरलं तेव्हा तो बायकोकडे बघून ओरडत होता की पाण्याचं म्हणाली होतीस तू मला. त्याला फसवलं गेल्याचं दुःख खरंच झालं होतं. नात आईकडे राहिली, आणि जावयाला मामाच्या घराच्या आसपास फिरकायला बंदी झाली.

पुढच्या महिन्यात एकशे साठावा माणूस झाला आणि ग्रंथपालाने सगळ्यांसमोर पाकीट आणि कपाट उघडलं. पोतं आणि चिकटपट्टीवाले सगळ्यांत वर, नुसत्या खुर्चीवाल्यांच्याही वर. पोतं आणि नाडीवाले मधे. सगळ्यांत खाली कोण, तर ज्यांनी पोत्याला हातही लावला नाही, नुसते मोजे घालून बसले आणि ज्यांच्या गाठी कोणीतरी सावकाश सोडवल्या ते. आणि गाठी मामाने सोडवल्या काय, दुसऱ्याने सोडवल्या काय, फरक नव्हता. मामाला त्याचं थोडं वाईट वाटलं, हे खोटं कशाला बोला. बाई लगेच म्हणाल्या की हे अजून दोन ठिकाणी व्हायला हवं, तोवर कोणी नाड्यांचे वर्ग काढू नयेत.

सर दुपारी पोत्याच्या खोलीत आले आणि मामाच्या स्टुलावर बसले. ते एकदम म्हातारे दिसत होते.

"एकतीस?" त्यांनी विचारलं.

"एकतीस. तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं."

सर मान हलवत राहिले. मग म्हणाले, काढा ते खाली. मामाने शिडी लावली, साखळीचा आकडा सैल केला आणि पोतं धाडकन जमिनीवर आलं. शिवण फुटली आणि आतली वाळू सरांच्या बुटांपर्यंत पसरली. त्याच संध्याकाळी सरांनी सगळ्या वर्गांना, न्यायालयांना पत्रं लिहायला घेतली. कितींनी वाचली, कितींनी वर्ग बंद केले, ते मामाला कधी कळलं नाही.

तो घरी निघाला. आज लेकीला सगळं सांगायचं, असं वाटेत घोकत आला. किल्ली विसरली होती म्हणून त्याने दार वाजवलं. आत नातीच्या हसण्याचा आवाज येत होता, तो तोडल्यासारखा थांबला. पावलं दाराकडे यायच्याऐवजी आतल्या खोलीकडे धावली आणि कडी लागली. मग त्याच्या ध्यानात आलं, आज बुधवार होता.

त्याने पुन्हा दार वाजवलं नाही. दाराला कान लावून हळूच म्हणाला, "मी आहे गं, बाबा." आणि कडी निघेपर्यंत तो जिन्यातच उभा राहिला.